इंजेक्शन आधी मिळालं असतं तर बाबा वाचले असते का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर सांगतो. तुमच्या बाबांना इंजेक्शन कमी पडलं नाही. गाडीतल्या डॉक्टरांनी जे दिलं ते बरोबर होतं आणि जे दिलं नाही, ते न देणंही बरोबर होतं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मनीषनगरच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, बाबा सकाळचा चहा घेताघेता दिवाणावरच कोसळले. भावाने १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत कोणी तळपाय चोळले, कोणी कांदा हुंगवला, शेजारच्या काकाजींनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी ठेवली. डॉक्टरांनी आल्याआल्या छाती दाबायला सुरुवात केली, हाताला सलाईनची सुई लावून तीन वेळा ॲड्रिनलीन दिलं. मॉनिटरवर सरळ रेघ होती, शॉक दिला नाही. हॉस्पिटलात नेल्यावर काही वेळाने मृत घोषित केलं. तेरवीला जमलेल्या नातेवाइकांनी विचारलं: इंजेक्शन आधी का नाही, थेट हृदयात का नाही, ॲट्रोपिन का नाही, शॉक का नाही? आणि आता सोसायटीने वर्गणी काढून अशी औषधं आणून ठेवावीत का, असं तुम्ही विचारताय.

मी भूलतज्ज्ञ आहे. नागपुरात ऑपरेशन थिएटर, आयसीयू आणि कॅज्युअल्टी या तिन्ही ठिकाणी ही इंजेक्शनं वर्षानुवर्षं माझ्या हातून दिली गेली आहेत. त्यांच्याबद्दल घराघरांत जी समजूत आहे ती बऱ्याच अंशी चुकीची आहे, आणि त्या समजुतीपायी माणसं उगाच स्वतःला दोष देत बसतात. म्हणून सविस्तर लिहितोय.

हृदय बंद पडतं म्हणजे रक्त जागच्या जागी थांबतं. कोपरातल्या शिरेत दिलेलं औषध कोपरातच राहतं. ते हृदयापर्यंत जातं ते छाती दाबणाऱ्या हातांच्या जोरावर. हात थांबले की औषधही थांबलं. म्हणून औषधामागून २० मिली सलाईन जोरात ढकलतात, हात वर उचलून धरतात आणि दाबणं चालूच ठेवतात. फरशीवर गुडघे टेकून हे करताना काय होतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. रक्तदाबच नसल्याने शिरा बसलेल्या असतात, बोटाला लागत नाहीत. माणूस घामाने भिजलेला असतो, त्यामुळे सुईवरची चिकटपट्टी टिकत नाही. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च धरतं, कोणीतरी मागून विचारत असतं, ‘डॉक्टरसाहेब, नाडी लागली का?’ अशात एका मिलिलिटरची अँप्यूल फोडायची, भरायची, द्यायची, आणि यातल्या कशासाठीही छातीवरचे हात थांबू द्यायचे नाहीत. शीर सापडलीच नाही तर नडगीच्या किंवा खांद्याच्या हाडात खास सुई घालून तिथून औषध देता येतं. हाडातून दिलेलं अधिक बरं की शिरेतून, हे ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये तपासून पाहिलं. २०२४ मध्ये दोन्ही अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि माणूस वाचण्यात फरक दिसला नाही.

आता ॲड्रिनलीन करतं काय? बंद पडलेलं हृदय ते ‘चालू’ करतं ही समजूत आधी सोडा. ते हातापायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे महाधमनीतला दाब वाढतो, आणि छाती दाबून सोडल्याच्या क्षणी तो दाब हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलतो. रक्त ढकलणारा हा दाब, म्हणजे महाधमनी आणि हृदयाचा उजवा वरचा कप्पा यांच्या दाबांतला फरक, किमान १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत पोचला नाही तर हृदय पुन्हा चालू होणं जवळजवळ अशक्य, हे १९९० साली प्रत्यक्ष रुग्णांवर मोजून दाखवलेलं आहे. हा दाब सलग दाबण्याने हळूहळू चढतो आणि हात उचलताच कोसळतो. गावाकडची हापशी आठवा. पाणी यायच्या आधी आठ-दहा वेळा रिकामाच दांडा मारावा लागतो, आणि मध्येच थांबलं की पाणी परत खाली उतरतं. ॲड्रिनलीन तो दाब चढायला मदत करतं. मात्र दांडा मारणारं कोणी नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

या मदतीची किंमतही आहे. ॲड्रिनलीनमुळे हृदयाची प्राणवायूची भूक वाढते. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाहही त्याने घटत असावा, अशी रास्त शंका आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक-२’ नावाचा मोठा अभ्यास झाला, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या ८ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना ॲड्रिनलीन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. ॲड्रिनलीन दिलेल्यांपैकी ३६ टक्क्यांत नाडी परत आली, सलाईन दिलेल्यांत १२ टक्क्यांत. एवढंच वाचलं तर वाटतं, जादूचं औषध! पण एक महिन्यानंतर हजारातले ३२ विरुद्ध २४ एवढेच जिवंत होते. मेंदू बऱ्यापैकी शाबूत ठेवून घरी गेलेले हजारात २२ विरुद्ध १९, म्हणजे खात्रीने वेगळं म्हणता येईल इतका फरकच नाही. आणि वाचलेल्यांत मेंदूला जबर इजा झालेले ॲड्रिनलीनच्या गटात ३१ टक्के, सलाईनच्या गटात जवळपास १८ टक्के.

हे आकडे मी नातेवाइकांना सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा पडतो, मला कळतं. पण ते सांगायलाच हवेत. इंजेक्शन हृदयाला परत आणतं त्यापेक्षा खूप कमी वेळा माणसाला परत आणतं. कारण मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-सहा मिनिटांतच इजा सुरू होते, आणि इंजेक्शन त्या मिनिटांत पोचतच नाही. त्याच अभ्यासात रुग्णवाहिका बऱ्यापैकी लवकर पोचत होत्या, तरी फोन केल्यापासून औषध शिरेत जायला साधारण २१ मिनिटं लागली. प्रशिक्षित पॅरामेडिक, नीट रस्ते, तयार पेटी, सगळं असूनही. वर्धा रोडवरच्या ट्रॅफिकमधून निघून, जिना चढून आपल्याकडे तो वेळ यापेक्षा कमी लागेल अशी अपेक्षा कशी करायची?

त्याच अभ्यासकांनी केलेली एक तुलना मी प्रशिक्षणात आवर्जून सांगतो. ॲड्रिनलीनने एक जास्तीचा जीव वाचायला ११२ जणांना ते द्यावं लागतं. हृदय बंद पडलंय हे लगेच ओळखण्याने ११ जणांमागे एक वाचतो, जवळच्या माणसाने छाती दाबण्याने १५ जणांमागे एक, आणि लवकर शॉक देण्याने दर पाच जणांमागे एक. नातेवाईक ज्या इंजेक्शनासाठी भांडतायत ते या यादीत शेवटी येतं.

मग द्यायचंच कशाला? द्यायचं, कारण हजारातले आठ जीवही जीवच आहेत, आणि कोणाचा मेंदू सावरणार हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही. सरळ रेघ असेल तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर १ मिलिग्रॅम, मग दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा, कारण रक्तात त्याचा असर काही मिनिटंच टिकतो. तुमच्या बाबांना नेमकं हेच दिलं गेलं. जास्त मात्रा देऊनही पाहिलं आहे जगाने, त्याने अधिक माणसं घरी गेली नाहीत.

शॉकबद्दल. टीव्हीवर सरळ रेघेला शॉक देतात आणि माणूस उठून बसतो. प्रत्यक्षात शॉकचं काम वेगळं आहे. हृदय नुसतं थरथरत असेल, म्हणजे विजेचा गोंधळ चालू असेल, तर तो गोंधळ एका फटक्यात थांबवणं हे शॉकचं काम. सरळ रेघेत गोंधळही उरलेला नसतो, थांबवायचं काय? पुष्कळदा सुरुवातीला थरथर असते आणि मिनिटं उलटत जातात तशी ती विझून सरळ रेघ होते. छाती कोणी दाबत नसेल तर शॉकने वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. बाबांच्या बाबतीत सुरुवातीला काय होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही, ताई, आणि त्याचा शोध घेत बसू नका.

थरथर असती, आणि तीन शॉक देऊनही ती हटली नसती, तर आणखी एक औषध आलं असतं: ॲमिओडॅरोन, ३०० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या दोन अँप्यूल, लागलं तर नंतर आणखी एक. ते नसेल तर लिग्नोकेन. यांची परीक्षा २०१६ साली अमेरिका-कॅनडात झाली. घरी जिवंत गेलेले ॲमिओडॅरोनने २४.४ टक्के, लिग्नोकेनने २३.७, नुसत्या सलाईनने २१. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. फक्त ज्यांना कोसळताना कोणीतरी पाहिलं होतं, त्यांच्यात औषधाचा फायदा स्पष्ट होता: जवळपास २८ विरुद्ध २३ टक्के. म्हणजे तेच, औषध लवकर पोचलं तर त्याला वाव असतो.

आता ॲट्रोपिन. हे हृदयाचे ठोके वाढवणारं औषध. सरळ रेघेला ते देण्याची पद्धत खरंच होती, तेरवीला त्याबद्दल विचारणारे तुमचे नातेवाईक चुकीचं बोलत नव्हते. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते काढून टाकलं, कारण उपयोग दिसेना. पण जुन्या सवयी जात नाहीत. आजही कुठेकुठे क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ट्रॉली, उघडली की ॲट्रोपिन, सोडाबायकार्ब, कॅल्शियम, डेक्सा, डेरिफायलिन असं एकामागून एक सगळं दिलं जातं. यात डॉक्टरांचीच चूक असते असं नाही. बाहेर पंधरा नातेवाईक उभे असतात आणि ‘काहीतरी करा’ म्हणतात, तेव्हा एकच इंजेक्शन देत राहणं आणि छाती दाबत राहणं लोकांना ‘काहीच केलं नाही’ असं वाटतं. हे मला मनापासून खुपतं. कॅल्शियमचंच घ्या. डेन्मार्कमध्ये हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांना सरसकट कॅल्शियम देऊन पाहिलं, आणि नुकसान होतंय असं दिसू लागल्याने तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. नाडी परत आली ती कॅल्शियमच्या गटात १९ टक्के, सलाईनच्या गटात २७. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शनही सरसकट देऊन पाहिलं, २००८ साली निकाल आला, फायदा नाही. फुप्फुसात गुठळी अडकल्याची दाट शंका असेल तरच ते द्यावं.

ही औषधं टाकाऊ आहेत असा मात्र अर्थ काढू नका. ती कारणाला लागू पडतात. डायलिसिसवरचा माणूस, दोन वाऱ्या चुकल्या, अंगात पोटॅशियम साठलं आणि हृदय थांबलं, तिथे कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब म्हणजे जीव. झोपेसाठी घेतलेल्या ॲमिट्रिप्टिलिनच्या गोळ्या कोणी मूठभर खाल्ल्या तर सोडाबायकार्ब हेच औषध. आणि ॲट्रोपिन, ते तर आपल्या विदर्भात विसरून कसं चालेल? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, तेव्हा सगळ्या राज्याला फवारणीच्या विषाचं नाव कळलं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक पोटात किंवा अंगावर गेलेल्या माणसाला छातीतला फेस सुकेपर्यंत ॲट्रोपिन वाढवत न्यावं लागतं, आणि ते वेळेत दिलं तर हृदय थांबायची पाळीच येत नाही. म्हणून चांगला डॉक्टर छाती दाबली जात असताना घरच्यांना विचारत राहतो: किडनीचा त्रास होता का, काही औषध पोटात गेलं का, सकाळपासून उन्हात होते का, पाय सुजला होता का? या प्रश्नांची उत्तरं देणारं एक शांत माणूस घरात असलं तर ते कुठल्याही इंजेक्शनाइतकं मोलाचं.

थेट हृदयात सुई मारण्याची पद्धत केव्हाच मागे पडली. त्यासाठी दाबणं थांबवावं लागतं, सुई फुप्फुसात जाऊ शकते, हृदयाची रक्तवाहिनी फाटू शकते. शिरेतून किंवा हाडातून तेच औषध पोचतं, मग हा धोका कशाला पत्करायचा?

काकाजींच्या सॉर्बिट्रेटबद्दल वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी प्रेमानेच ठेवली. पण रक्त फिरत नसताना जिभेखालची गोळी कुठेही जात नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, गोळी, पाणी, गंगाजल, काहीही नाही. ते घशात अडकतं. गोळीची वेळ हृदय थांबण्याआधीची. शुद्धीत असलेल्या माणसाच्या छातीत दाबून धरल्यासारखं दुखतंय, घाम सुटलाय, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला लावणं हा खरोखर जीव वाचवणारा उपाय आहे, ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर. १९८८ मध्ये १७ हजारांहून अधिक हार्ट ॲटॅकच्या रुग्णांवरच्या अभ्यासात एकट्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास एक-चतुर्थांशाने घटले होते. सॉर्बिट्रेट मात्र रक्तदाब पाडते, ती आपल्या डॉक्टरांनी सांगितली असेल त्यानेच घ्यावी.

आता सोसायटीच्या पेटीचं. ॲड्रिनलीन आणून ठेवू नका. ते द्यायला शीर लागते, सुई लागते, प्रशिक्षित हात लागतात आणि दाबणारा दुसरा माणूस लागतो. शिवाय ते उजेडापासून जपून, थंड जागी ठेवावं लागतं. नवतपात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवलेल्या अँप्यूलचा काय भरवसा? रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला तर ती फेकायचीच असते. अपवाद एकच: ज्याला मधमाशीच्या डंखाची, शेंगदाण्याची किंवा एखाद्या औषधाची जीवघेणी ॲलर्जी आहे, त्याच्या घरी डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रिनलीन असावं. प्रौढांना ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम देतात, आणि ते श्वास चालू असतानाच द्यायचं असतं. तिथे हेच औषध झटकन गुण देतं.

वर्गणी काढायचीच असेल तर एईडी घ्या, आपोआप ओळखून शॉक देणारं यंत्र. ते बोलून सूचना देतं, आणि सरळ रेघेला शॉक देतच नाही, त्यामुळे भीती नको. बॅटरी आणि पॅडची मुदत पाहण्याची जबाबदारी एका माणसावर द्या, नाहीतर दोन वर्षांनी ते शोभेचं होऊन बसेल. आणि यंत्राच्याही आधी शिकायचं ते छाती दाबायला. इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने सामान्य माणसांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत बसवली आहे, तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. रविवारच्या सकाळी तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिकून होईल इतकंच ते काम आहे.

शिकताना दोन गोष्टींवर भर द्या, कारण तिथेच घरोघर वेळ जातो. पहिली: माणूस हाकेला ओ देत नाही आणि मधूनच घरघर करत तोंड उघडून श्वास ओढतो, त्याला लोक ‘श्वास चालू आहे’ समजतात. तो श्वास नव्हे. आपल्याकडे ज्याला ऊर्ध्व लागला म्हणतात तो हाच, आणि तो दिसताच दाबायला सुरुवात करायची. कधी सुरुवातीला झटकेही येतात, तेव्हा फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते. त्यात पहिली दोन-तीन मिनिटं संपतात. दुसरी: दिवाणावर, गादीवर दाबू नका, गादीच खाली जाते. माणसाला फरशीवर उतरवा. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल, ६ च्या पुढे नाही, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत माणूस थकतो, म्हणून आलटून पालटून दाबा. एकाने १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवावा, एकाने खाली फाटकाशी उभं राहावं, एकाने लिफ्ट अडवून धरावी.

आणखी एक, तुमच्या भावाला माझा निरोप द्या. त्याने फोन ताबडतोब लावला, ते बरोबर केलं. दाबायला त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं, आणि न शिकवलेली गोष्ट न केल्याचा दोष कोणाला लागत नाही. सरळ रेघ असलेले रुग्ण भरल्या हॉस्पिटलात, सगळी औषधं हाताशी असतानाही बहुतेक वेळा परत येत नाहीत. वडील असे अचानक गेलेत, तर त्याने आणि तुम्हीही या महिन्यातच रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना एकदा भेटा. बाबांची काही जुनी कागदपत्रं, ईसीजी किंवा औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर त्याही सोबत न्या.